ब्रायन लेनिहान (धाकटे): जागा घराण्याची, मग कामही घराण्याचंच का?

लिफीकाठ

आयर्लंडचं राजकारण म्हटलं की आपल्या लोकांना माजी पंतप्रधान लिओ वराडकर आठवतात, आणि ते साहजिकच आहे. मी राहते तो डब्लिन वेस्ट मतदारसंघ त्यांचाच होता. पण याच मतदारसंघातून त्यांच्या अकरा वर्षं आधी निवडून आलेल्या ब्रायन लेनिहान यांच्यावरून इथे आजही घरोघरी वाद होतात.

घराणं असं: आजोबा पॅट्रिक लेनिहान खासदार. वडील, म्हणजे थोरले ब्रायन, कितीतरी खाती सांभाळून उपपंतप्रधान झालेले. आत्या मेरी ओ'रूर्क शिक्षणमंत्री. धाकटा भाऊ कॉनर हाही खासदार. 2007 ते 2011 या काळात आत्या आणि दोन भाचे एकाच वेळी डॉलमध्ये, म्हणजे इथल्या कनिष्ठ सभागृहात बसत होते. पक्ष सगळ्यांचा एकच, फिना फॉल.

धाकटे ब्रायन 1959 चे. ट्रिनिटी कॉलेज आणि केंब्रिजमध्ये कायदा शिकले, ट्रिनिटीत शिकवलं, वकिली केली. नोव्हेंबर 1995 मध्ये वडील गेले आणि एप्रिल 1996 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या रिकाम्या जागेवर हे निवडून आले. 2007 मध्ये न्यायमंत्री, मे 2008 मध्ये अर्थमंत्री. त्या सप्टेंबरात बँका कोसळायला लागल्या. डिसेंबर 2009 मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालं, तरी पद सोडलं नाही. 10 जून 2011 ला, 52 व्या वर्षी गेले.

माझं मत आधीच सांगते. जागा वडिलांच्या नावावर मिळाली, हे मान्य. पण अर्थमंत्री म्हणून त्यांनी जे केलं त्याचा बरा-वाईट हिशोब त्या कामावरूनच व्हावा. "घराणेशाहीचं फळ" असं म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. तुम्हाला काय वाटतं?

झुंजार

पटलं नाही. जागा कशी मिळाली आणि माणूस कसा वागला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. जो माणूस पक्षाच्या पाळण्यात वाढला, तो पक्षाच्या मित्रांना, बिल्डरांना आणि बँकवाल्यांना नाही कसं म्हणणार?

रानजाई

छान विषय. थोरल्या ब्रायनबद्दल अजून लिहा ना कुणीतरी. 1990 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरले ते हेच ना?

कायद्याचं_बोला

@रानजाई, हो, तेच.

त्या पराभवाची सुरुवात जानेवारी 1982 ची. अर्थसंकल्पावर सरकार पडलं. राष्ट्राध्यक्ष हिलरी यांनी सभागृह विसर्जित करू नये, म्हणून फिना फॉलच्या नेत्यांनी त्यांच्या निवासस्थानी फोन केले. मे 1990 मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याला दिलेल्या मुलाखतीत थोरल्या लेनिहाननी आपण फोन केल्याचं सांगितलं, आणि ते ध्वनिमुद्रित झालं. ऑक्टोबरमध्ये ऐन प्रचारात दूरदर्शनवरच्या चर्चेत मात्र त्यांनी ते नाकारलं. मग ती फीत बाहेर आली. आघाडीतल्या छोट्या पक्षाने सरकारातून बाहेर पडायची धमकी दिली. पंतप्रधान चार्ल्स हॉही हे त्यांचे जुने मित्र, त्यांनीच 31 ऑक्टोबरला लेनिहानना मंत्रिमंडळातून काढलं. मतदान होतं 7 नोव्हेंबरला.

तरीही पहिल्या पसंतीची सर्वात जास्त मतं, जवळजवळ 44 टक्के, लेनिहान यांनाच पडली. मेरी रॉबिन्सन यांना 39 च्या आसपास. तिसऱ्या उमेदवाराची दुसऱ्या पसंतीची मतं बहुतांशी रॉबिन्सनकडे वळली आणि त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

माणसाच्या खाती एक मोठं काम मात्र आहे. साठच्या दशकात न्यायमंत्री असताना त्यांनी पुस्तकांवरच्या बंदीचा कायदा सैल केला. 1967 च्या त्या दुरुस्तीने हजारो बंदी घातलेली पुस्तकं एका झटक्यात मोकळी झाली. आयर्लंडमध्ये चर्चचा दबदबा तेव्हा केवढा होता, हे लक्षात घेतलं की त्याची किंमत कळते.

मुक्ताई

आजोबांची गोष्ट राहिली की! पॅट्रिक लेनिहान डॉलमध्ये आले 1965 ला, आणि मुलगा ब्रायन आला होता 1961 ला. मुलाच्या मागून बाप संसदेत गेला. घराणेशाहीचा प्रवाह उलटा वाहिलेलं असं उदाहरण मी तरी दुसरं ऐकलेलं नाही :)

झुंजार

उलटा काय नि सुलटा काय, पाणी एकाच विहिरीतलं.

शॅननकाठी

मी अॅथलोनला राहते, लेनिहान मंडळींचं मूळ घर याच गावातलं. पॅट्रिक लेनिहान इथे आले ते कापडगिरणी चालवायला. शॉन लेमास यांनी त्यांना पाठवलं, जे पुढे पंतप्रधान झाले. नंतर या कुटुंबाने लॉक री तळ्याच्या काठी हॉटेल चालवलं आणि मेरीताई तिथेच वाढल्या. 1987 नंतरच्या मंत्रिमंडळात थोरले ब्रायन आणि मेरी, सख्खे भाऊ-बहीण, शेजारी बसले. देशात असं पहिल्यांदाच घडलं.

त्यांना इथे "मॅमी ओ'रूर्क" म्हणत. 2002 ला पडल्या, 2007 ला सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा जिंकून आल्या. 2024 मध्ये गेल्या तेव्हा राजकारणाशी काही घेणंदेणं नसलेल्या बायकासुद्धा हळहळल्या. ती आपुलकी नुसत्या आडनावाला मिळत नाही, झुंजारभाऊ.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. लेनिहान यांचं नाव ज्या निर्णयामुळे लक्षात राहिलं, तो आधी नीट मांडू.

29 सप्टेंबर 2008. अमेरिकेतली लेमन ब्रदर्स ही बँक बुडून दोन आठवडे झालेले. अँग्लो आयरिश ही बँक बिल्डरांना कर्जं वाटून फुगलेली, आणि तिच्याकडे दुसऱ्या दिवशीचे पैसे नाहीत. दोन सर्वात मोठ्या बँकांचे प्रमुख रात्री सरकारी कचेरीत आले. पंतप्रधान ब्रायन कावेन, अर्थमंत्री लेनिहान, मध्यवर्ती बँक, अधिकारी, वकील असे सगळे पहाटेपर्यंत बसले. बाकीच्या मंत्र्यांची संमती फोनवर घेतली. सकाळी घोषणा झाली की सहा बँकांच्या ठेवी आणि बहुतेक सगळ्या कर्जरोख्यांना सरकारची दोन वर्षांची हमी. आकडा 440 अब्ज युरोच्या घरात, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त.

ठेवींना हमी देणं समजण्यासारखं आहे. रोखेधारकांना का? ते व्यावसायिक गुंतवणूकदार, जोखीम ओळखून पैसे लावलेले. त्यांनाही त्या छत्रीखाली घेतल्यामुळे बँकेचा तोटा थेट करदात्याच्या अंगावर आला. सगळं मिळून बँका वाचवायला 64 अब्ज युरो लागले. लोकसंख्या साधारण 45 लाख. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी 14,000 युरोहून जास्त.

"जगातली आजवरची सर्वात स्वस्त बँक-सुटका" असं लेनिहान त्या ऑक्टोबरात म्हणाले होते. हे वाक्य त्यांना शेवटपर्यंत चिकटून राहिलं आणि ते योग्यच झालं. यात घराण्याचा संबंध मला दिसत नाही. निर्णय चुकीचा होता, एवढंच.

लिफीकाठ

@आकडेमोड, रोख्यांबद्दल सहमत. पण त्या रात्री त्यांच्यासमोर काय होतं तेही बघा. बँकांचे प्रमुख सांगत होते की प्रश्न फक्त हातातल्या रोखीचा आहे, मालमत्ता भक्कम आहे. नियामकही तेच सांगत होता. चार महिने आधी अर्थखात्यात आलेला वकील यापलीकडे पहाटे दोन वाजता काय तपासणार? नंतरच्या संसदीय चौकशीत अशीही साक्ष झाली की अँग्लो त्याच रात्री ताब्यात घ्यावी याकडे लेनिहान यांचा कल होता. कावेन यांनी आपण अर्थमंत्र्याचं म्हणणं डावललं हे मान्य केलं नाही. तोवर लेनिहान हयात नव्हते, त्यांची बाजू त्या चौकशीला मिळालीच नाही. अँग्लोचं राष्ट्रीयीकरण शेवटी जानेवारी 2009 मध्ये झालं.

आणि हमीला विरोध कुणी केला? लेबर पक्षाने. मुख्य विरोधी पक्ष फिने गेलने पाठिंबा दिला होता. हे आता फारसं कुणी काढत नाही.

झुंजार

बघा, तुम्हीच नावं घेताय म्हणून सांगतो. त्या रात्रीचे पंतप्रधान कावेन: 1984 मध्ये वडील वारले, पोटनिवडणुकीत मुलगा निवडून आला. अर्थमंत्री लेनिहान: वडील वारले, पोटनिवडणूक, मुलगा. विरोधी पक्षनेते एंडा केनी: 1975 मध्ये वडील वारले, पोटनिवडणूक, मुलगा. सत्तेतले दोघे आणि त्यांना जाब विचारणारा, तिघेही एकाच दाराने आत आलेले! ज्या सभागृहात असं असतं तिथे एकमेकांना खडसावून प्रश्न विचारायची सवय राहत नाही, हाच माझा मुद्दा आहे. तो एकट्या लेनिहान यांच्यावर नाही.

मुक्ताई

@झुंजार, हा मुद्दा मात्र विचार करायला लावणारा आहे.

तात्या_मालवणकर

वराडकरांचा विषय निघालो म्हणान सांगतंय. वराड गाव आमच्या मालवण तालुक्यातला. 2019 च्या डिसेंबरात लिओ घरच्यांका घेवन गावात इल्ले, तेव्हा काय गर्दी! त्यांचे वडील डॉक्टर, राजकारणात घराण्यातला कोण नाय. मग लेनिहानासारख्या नावाच्या समोर तो पोरगो निवडून इलो कसो, ह्या कोणीतरी समजावन सांगा.

लिफीकाठ

@तात्या, ते दोघं एकाच वेळी निवडून आले, एकमेकांना पाडून नाही. इथे एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जातात आणि मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा पसंतीक्रम द्यायचा असतो. आपल्याकडे राज्यसभेला आणि विधान परिषदेला आमदार देतात, तसाच. फक्त इथे ते सामान्य मतदार करतो.

2007 ला डब्लिन वेस्टमध्ये तीन जागा होत्या. फिना फॉलचे लेनिहान, फिने गेलचे वराडकर आणि लेबरच्या जोन बर्टन असे तिघे निवडून आले. समाजवादी जो हिगिन्स पडले. हेच हिगिन्स 1996 च्या पोटनिवडणुकीत पाणीपट्टीच्या विरोधात उभे राहून लेनिहान यांच्याकडून थोडक्यात हरले होते. त्या वर्षअखेरीस सरकारने घरगुती पाणीपट्टी रद्द करायचं जाहीर केलं, त्यामागे त्या मतांचा धाक होता. म्हणजे वडिलांची जागा मुलाला आंदण मिळाली असंही नाही, घाम फुटला होता.

कायद्याचं_बोला

याच पद्धतीमुळे इथे घराणी टिकतात, हे सांगायला हवं. एका मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे असतात. नुसतं पक्षाचं नाव पुरत नाही, वैयक्तिक ओळख लागते. कुणाच्या आईच्या पेन्शनचा कागद अडकला, कुणाच्या अंत्यविधीला कोण आलं, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. वडिलांनी जमवलेली ती ओळख मुलाला तयार मिळते. कॉसग्रेव्ह, फिट्झजेराल्ड, केनी, कावेन ही सगळी पंतप्रधान झालेली मुलं.

पण याच धाकट्या लेनिहानना तेव्हाचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी दहा वर्षं मंत्रिमंडळाबाहेर ठेवलं. राज्यघटनेवरच्या सर्वपक्षीय समितीचं अध्यक्षपद, मग मुलांच्या विषयांचं राज्यमंत्रिपद. आणि 1990 मध्ये थोरल्या लेनिहान यांच्या प्रचाराची धुरा सांभाळणारे अहर्नच! आडनावाने दार उघडलं, पण आतली खुर्ची मिळाली नाही. ती मिळाली तेव्हा घराला आग लागलेली होती.

घाटावरची

आपल्याकडे याहून काय वेगळं आहे? जिल्हा बँक, कारखाना, आमदारकी, सगळं एकाच वाड्यात.

रानजाई

@घाटावरची, त्यावर वेगळा धागा काढू या ना. दोनशे प्रतिसाद पडतील आणि बिचारे लेनिहान बाजूला राहतील.

शॅननकाठी

मी त्या काळात इथेच होते. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी आयुष्यभर फिना फॉलला मत दिलेलं. ऑक्टोबर 2008 च्या अर्थसंकल्पात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आपोआप मिळणारं मोफत उपचारांचं कार्ड काढून घेतलं, तेव्हा त्या काठी घेऊन डब्लिनच्या मोर्चाला गेल्या. हजारो म्हातारी माणसं संसदेसमोर उभी होती. सरकारला उत्पन्नाची मर्यादा बरीच वाढवून माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी सरकारी नोकरांचे पगार कापले गेले, बालभत्ता कमी झाला.

पण लेनिहान यांच्याबद्दल त्याच आजी म्हणायच्या, "हा निदान तोंडावर येऊन सांगतो." दूरदर्शनवर येऊन तासभर प्रश्न घ्यायचे, चिडायचे नाहीत. मग नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांनी "आपण सगळ्यांनीच मौज केली" अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं आणि आजींचा पारा चढला. त्यांनी कधी कर्ज काढलं नव्हतं, दुसरं घर घेतलं नव्हतं. त्यांची मौज म्हणजे रविवारचा केक.

आकडेमोड

@शॅननकाठी, आजींचा राग शंभर टक्के बरोबर. घरांच्या किमती फुगत असताना मुद्रांक शुल्काच्या पैशावर अर्थसंकल्प जुळवले सरकारांनी, आजींनी नाही. आणि त्या सरकारांत कावेन अर्थमंत्री होते. लेनिहान नव्हते, हेही सांगतो.

सोनचाफा

आजारपणाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी कर्करोग विभागात काम करते. स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणजे काय, हे आम्हाला फार जवळून माहीत असतं.

2009 च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी एका खासगी वाहिनीने त्यांच्या आजाराची बातमी फोडली. नातेवाइकांना सांगायला जेमतेम वेळ मिळालेला. देशभर संताप झाला. वाहिनीचं म्हणणं, अर्थमंत्र्याची प्रकृती हा जनहिताचा विषय. असेलही. पण सणाच्या दोन दिवसांनी जगबुडी होणार नव्हती. जानेवारीच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः रेडिओवर निदान सांगितलं आणि काम चालू ठेवणार म्हणाले.

उपचार घेत त्यांनी ते वर्ष काढलं. 30 सप्टेंबर 2010 ला एकट्या अँग्लोचा खर्च 29 ते 34 अब्जांवर जाईल हे जाहीर करावं लागलं, त्या वर्षीची सरकारी तूट देशाच्या उत्पन्नाच्या 32 टक्के. या उपचारांत सकाळी उठून बसणं अवघड असतं. मी त्यांच्या निर्णयांबद्दल बोलत नाही, मला अर्थशास्त्र कळत नाही. पण हे सहन करून कामावर येणाऱ्या माणसाला "खुर्ची सोडवत नव्हती" असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

झुंजार

@सोनचाफा ताई, त्या धैर्याला माझा मनापासून नमस्कार. पण देश बुडत असताना अर्थखातं इतक्या आजारी माणसाकडे राहू देणं हा पंतप्रधानांचा निर्णय होता, आणि त्यावर प्रश्न विचारलाच पाहिजे. दुसरं कुणी नव्हतं का? नव्हतं, असं उत्तर असेल तर मी पुन्हा माझ्या पहिल्या मुद्द्यावर येतो.

कायद्याचं_बोला

शेवटच्या अंकाबद्दल. नोव्हेंबर 2010 मध्ये मंत्री छातीठोकपणे सांगत होते की युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागितलेली नाही. 18 तारखेला सकाळी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहन यांनी फ्रँकफर्टहून रेडिओला फोन करून सांगितलं की हजारो कोटींचं कर्ज येईल. या होनोहनना नेमलं लेनिहान यांनीच. अर्थखात्यातला निवृत्त अधिकारी बसवायची जुनी रीत मोडून एक प्राध्यापक आणला, आणि त्याने सरकारला न जुमानता खरं सांगितलं. माझ्या मते लेनिहान यांची ही सर्वात चांगली नेमणूक.

दुसऱ्या दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे प्रमुख त्रिशे यांचं लेनिहानना पत्र आलं: मदतीसाठी अर्ज करा, नाहीतर तुमच्या बँकांचा तातडीचा पतपुरवठा पुढे चालू ठेवणार नाही. हे पत्र 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे शेवटी हात पिरगळला गेला होता. 85 अब्जांचा करार झाला, त्यातले 17.5 अब्ज आयर्लंडच्याच गंगाजळीतले. नाणेनिधीच्या पथकाचे प्रमुख होते भारतीय वंशाचे अजय चोप्रा, त्यांचा फोटो तेव्हा रोज पेपरात असे. कंपन्यांवरचा 12.5 टक्के कर वाढवा म्हणून मोठ्या देशांनी जोर लावला, तो मात्र लेनिहान यांनी वाढू दिला नाही.

मुक्ताई

ऑगस्ट 2010 विसरू नका. 1922 च्या यादवी युद्धात मायकेल कॉलिन्स जिथे मारले गेले, त्या बेल ना ब्लॉ इथल्या स्मृतिदिनाला मुख्य भाषण करायला आयोजकांनी लेनिहानना बोलावलं. कॉलिन्स ज्या बाजूचे, तिच्याविरुद्ध लढलेल्या बाजूतून फिना फॉल उभा राहिला. त्या पक्षाच्या मंत्र्याने तिथे बोलण्याची ही पहिलीच वेळ. उपचार चालू असताना गेले. कॉलिन्सही अर्थमंत्री होते, त्यावरच बोलले. अशा घराण्यात वाढलेला माणूस तिथे उभा राहतो, याचं वजन फार आहे. एखाद्या नवख्याने तेच केलं असतं तर कुणी वळूनही पाहिलं नसतं.

घाटावरची

हे आवडलं. मग 2011 ला मतदारांनी काय केलं?

लिफीकाठ

@घाटावरची, फिना फॉल 77 वरून 20 वर आला. डब्लिन शहर आणि परिसर मिळून 47 जागा, त्यातली पक्षाला मिळाली एकच, लेनिहान यांची. चार जागांचा मतदारसंघ झाला होता: बर्टन, वराडकर, हिगिन्स आणि लेनिहान. कॉनर पडला, आत्याही पडल्या. त्याआधी जानेवारीत पक्षनेतेपदाची निवडणूक लेनिहान मिहॉल मार्टिन यांच्याकडून हरले होते.

मला यात उत्तर दिसतं. घराणं तिघांचं तेच. लोकांनी दोघांना घरी बसवलं, आणि ज्याने कर वाढवले, पगार कापले, त्याला ठेवलं. मतदाराने आडनावापलीकडे पाहिलं.

आकडेमोड

@लिफीकाठ, किंवा आजारी माणसाबद्दल सहानुभूती. किंवा एक जागा जास्त असल्याचा फायदा. एका निकालातून एवढं काढू नका. माझ्यापुरतं: प्रामाणिक आणि कष्टाळू माणूस, हमीचा निर्णय चूक, होनोहन यांची नेमणूक उत्तम, करार लादलेला. चारही गोष्टी मला एकदम खऱ्या वाटतात.

तात्या_मालवणकर

मगे त्यांच्या जाग्यार कोण इलो? परत लेनिहानच?

लिफीकाठ

नाही तात्या. जून 2011 ला ते गेले, ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. या वेळी लेनिहान घराण्यातलं कुणी उभं राहिलं नाही आणि जागा लेबरला गेली. अख्ख्या डब्लिनमध्ये फिना फॉलचा एकही खासदार उरला नाही, तो थेट 2016 पर्यंत. 2016 ला डब्लिन वेस्टमधून पक्षाचे जॅक चेंबर्स निवडून आले, पंचविशीतला तरुण. जून 2024 मध्ये तेच अर्थमंत्री झाले. लेनिहान यांचाच मतदारसंघ, लेनिहान यांचंच खातं.

झुंजार

आणि त्यांचे वडील?

लिफीकाठ

राजकारणात नव्हते :)

झुंजार

मग त्यांच्या धाग्यावर मी तुमच्या बाजूने लिहीन. या धाग्यावर मत कायम.